दहापैकी पाच

या वहीतलं अक्षर वाईट आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट जमलं नाही. चौथी झाल्यावर शाळा सुटली, आणि त्यानंतर पेन हातात धरलं ते फॉर्मवर सही करण्यापुरतं. ही वही कोणाला दाखवायची नाही. तरी कधी कोणाच्या हाती लागली तर माझ्या अक्षराला हसा, पण ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना हसू नका. त्यांना आधीच खूप लोक हसून झालेत.

मी त्यांना काका म्हणायचे. डोंबिवली पूर्वेला एका जुन्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायचे. मी दिव्याहून लोकलनं त्यांच्याकडे स्वयंपाकाला आणि भांड्यांना जायचे, सात वर्षं. त्यांची नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात झाली. तिथं तयार झालेला माल तपासायचं काम होतं. चांगल्या नगावर हिरवा ठिपका, खराब नगावर लाल. कामगार त्यांना पाठीमागे ‘रिजेक्टसाहेब’ म्हणायचे. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांना बरं वाटत होतं असं दिसलं.

घरी बसल्यावरही त्यांचं तपासणं काही सुटलं नाही. जाडी मोजायचं एक लोखंडी माप त्यांच्याकडे होतं, कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेलं. ते लावून ते पोळी मोजायचे.

“पहिल्या आणि शेवटच्या पोळीत एक मिलिमीटरचा फरक आहे, बाई.”

मला पटकन बोलायला कधीच सुचत नाही.

“तक्रार नाही हं,” ते म्हणायचे, “नोंद आहे.” आणि दोन्ही पोळ्या खायचे.

पण त्यांचं खरं तपासणं जनावरांचं होतं. कपाटात सात जाड रजिस्टरं होती. बिल्डिंगच्या आवारातली कुत्री, खिडकीवर येणारे कावळे, गच्चीवरची मांजर, कल्याणच्या रस्त्याला एक तबेला होता तिथल्या म्हशी, सगळ्यांच्या नोंदी तारीखवार. प्रश्न त्यांचा एकच होता. जनावरं विचार करतात का, आणि करत असतील तर आपल्यासारखी एकमेकांना सांगू शकतात का. निवृत्त झालेली माणसं देवळात जातात, बागेत फिरतात, हे हातात रजिस्टर घेऊन तबेल्याच्या दारात उभे. गवळी आधी त्यांना म्युनिसिपालिटीचा माणूस समजून चहा पाजायचा. नंतर चहा बंद झाला.

प्राण्यांवर माया करणाऱ्या लोकांशी त्यांचं कधी जमलं नाही. पहिल्या मजल्यावर एक ताई होत्या, आवारातल्या कुत्र्यांना दूध-भात घालायच्या. त्यांच्याशी रोजचं भांडण.

“काका, आमचा मोती सगळं समजतो.”

“सगळं?”

“सगळं म्हणजे सगळं. फक्त बोलत नाही.”

“मग त्याला सांगा, उद्या पाणी येणार नाहीये. बघू भांडं भरून ठेवतो का.”

“तुम्हाला तरी सांगून कुठं कळतं? मागच्या वेळी माझ्याकडूनच दोन बादल्या नेल्यात.”

मी आत तोंडाला पदर लावून हसायचे. काकाही हसायचे, पण रजिस्टरमध्ये ताईंचं म्हणणं लिहून ठेवायचे आणि समोर लाल पेनानं ‘पुरावा नाही’.

ते म्हणायचे, “ओरडणं वेगळं आणि बोलणं वेगळं, बाई. कुत्रा आत्ताचं सांगतो. भूक लागली, कोण आलं, कुठं दुखतंय. काल दुखलं होतं हे त्याला सांगता येत नाही. ज्याला काल सांगता येत नाही, त्याला भाषा नाही.”

“आणि विचार?” मी एकदा धीर करून विचारलं.

“ते तपासायचं चाललंय.”

मी कामाला लागले तेव्हा काकू होत्या. दुसऱ्या वर्षी त्या गेल्या. दहाव्याला खाडीवरच्या घाटावर मी चहाचा थर्मास घेऊन गेलेले. आमच्यात हे नसतं, म्हणून मी पहिल्यांदाच बघत होते. पिंड मांडला होता, कावळे समोरच्या पत्र्यावर बसलेले, पण खाली एकही येईना. काकूंचे भाऊ हात जोडून कबूल करत होते. “ताई, तुझ्या माणसाला आम्ही एकटं टाकणार नाही. ताई, दर रविवारी जेवायला बोलावू.” कावळा हलेना. काका थोडे बाजूला घड्याळ आणि रजिस्टर घेऊन उभे होते.

“नऊ चाळीस. कावळे तीन. अंतर अंदाजे पंधरा फूट.”

“लाज नाही वाटत?” काकूंचा भाऊ ओरडला. “बायको गेलीय तुमची!”

“म्हणून तर तपासतोय,” काका शांतपणे म्हणाले. “ती तिथं असेल तर तिला माझं बोलणं कळेल. नसेल तर त्या कावळ्याचं पोट भरलेलं आहे.”

मग काकांनी रजिस्टर माझ्या हातात दिलं, पिंडाजवळ गेले, वाकले आणि पुटपुटल्यासारखं काहीतरी म्हणाले. परत येऊन उभे राहिले. थोड्या वेळानं एक कावळा उतरला आणि घास उचलून गेला. सगळ्यांनी हात जोडले. काकांनी रजिस्टर परत मागितलं नाही.

पुढं कपाट पुसताना मी ते पान पाहिलं. वेळ होती, कावळे होते, अंतर होतं. शेरा लिहायची जागा कोरी होती. लालही नाही, हिरवंही नाही.

माझ्याशी ते बोलायचे त्याचं कारणही त्यांनी एकदा सांगितलं. “बोलक्या माणसांना विचारून उपयोग नसतो. ते ऐकलेलं सांगतात. तुम्ही बघितलेलं सांगाल.” म्हणून मी त्यांना आमच्या म्हशीची गोष्ट सांगितली. मुरबाडकडे आमच्या घरी एक म्हैस होती, तिच्यापायीच माझी शाळा सुटली. तिचं पारडू मेलं आणि ती दूध देईना. मग बापानं त्या पारडाचं कातडं काढून, आत पेंढा भरून तिच्यासमोर उभं केलं. म्हशीनं ते एकदा हुंगलं. मान वळवून दुसरीकडे बघत राहिली. आणि मग पान्हा सोडला.

“पुन्हा हुंगलं नाही?” काकांनी विचारलं.

“नाही. चाटलंही नाही.”

“म्हणजे तिला कळलं होतं? कळूनही दूध दिलं? की कळलंच नाही?”

“तिचे डोळे बघून मला वाटलं कळलं होतं.”

“डोळे बघून नाही चालत, बाई,” ते म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी पोळी मोजली नाही.

आता माझ्या घरचं लिहिलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझे मालक टेम्पो चालवायचे. मी जेवढी मुखदुर्बळ तेवढे हे बोलके. विहारात वंदना हेच सांगायचे, आवाज खालच्या रस्त्यापर्यंत जायचा. दुकानात, दवाखान्यात, सोसायटीत, आमच्या दोघांचंही बोलणं हेच बोलायचे. मला कधी गरजच पडली नाही. चार वर्षांपूर्वी एका सकाळी टेम्पोत चढता चढता डोकं धरून हे खाली बसले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तोंडातून फक्त ‘दा, दा’ यायचं. दवाखान्यातला तरुण डॉक्टर फाइलमध्ये बघत म्हणाला, “समजण्यावरही परिणाम असू शकतो. किती, ते सांगता येणार नाही.”

ह्यांना दिव्याच्या खोलीवर आणलं, चौथ्या मजल्यावर, चौघांनी खुर्चीत बसवून. आणि तेव्हापासून मी बोलायला लागले. जन्मात बोलले नसेन तेवढी. टँकर आला का, कोथिंबीर काय भावानं मिळाली, कोणाच्या पोरीचं जमलं, सगळं ह्यांना सांगायची. हे बघायचे. कळतंय की नुसते बघताहेत, ते मला उमगायचं नाही.

माझे दीर कल्याणला असतात. वाईट माणूस नाही. दवाखान्याचं बिल त्यांनीच भरलं. एक दिवस दारात उभं राहून त्यांनी माझं बोलणं ऐकलं.

“वहिनी, भिंतीशी बोलताय तुम्ही.”

मी पदर सावरून उठले.

“बघा, बदलापूरच्या पुढं एक संस्था आहे. असे पेशंट ठेवतात. मी बोललोय त्यांच्याशी. तुम्ही कामावर जाता, हे दिवसभर एकटे. उद्या काही झालं म्हणजे? प्रॅक्टिकल व्हा जरा.”

“ह्यांना कळत असेल तर?”

“कळत असेल तर मी पाया पडेन दादाच्या. पण कळतंय का? तुम्हीच सांगा.”

मला सांगता येईना. कळत असेल तर पाठवणं पाप, आणि कळत नसेल तर मी स्वतःला कशासाठी जाळतेय. मी आठ दिवस जेवले नाही धड. मग मला वाटलं, हे तपासणारा एकच माणूस माझ्या ओळखीचा आहे.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. “मी येईन,” म्हणाले. “पण जे निघेल तेच सांगेन. चालेल?”

“चालेल.”

ते दोन वाट्या घेऊन आले, एक पितळेची, एक स्टीलची. ह्यांना शेंगदाण्याची चिक्की आवडायची. पलंगावर ह्यांच्यासमोर फळी ठेवली, टॉवेल आडवा धरला, एका वाटीखाली चिक्की ठेवली, वाट्या शेजारी शेजारी पालथ्या मांडल्या आणि टॉवेल काढला. मग स्वच्छ आवाजात म्हणाले, “पितळेच्या वाटीखाली आहे.” ह्यांनी डाव्या हातानं वाटी उचलायची. कधी पितळेची डावीकडे, कधी उजवीकडे, असं दहा वेळा. हात लावायचा नाही, नजरेनं खुणवायचं नाही, मला तर भिंतीकडे तोंड करून बसायला सांगितलं होतं. पण मी दर वेळी मान वळवून बघायची. दहाही वेळा ह्यांचा हात डाव्या वाटीवर गेला. काही वेळा हात मधेच थांबायचा, घुटमळायचा, आणि मग डावीवर यायचा.

काकांनी बेरीज केली. “दहापैकी पाच, बाई.”

“पाच म्हणजे बरं ना?”

“नाणं उडवलं तरी पाच येतात.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “वाटी दिसते, हात जातो. शब्द आत पोचत नाहीत. आवारातल्या काळू कुत्र्याचंही या वाट्यांत एवढंच येतं. मला वाईट वाटतं, पण मी पास नाही म्हणू शकत.”

हे सगळं ते ह्यांच्या उशाशी बसून बोलले. हे वर पंख्याकडे बघत होते.

त्या दिवसापासून मी बोलणं बंद केलं. अकरा आठवडे. मी मोजलेत. म्हशीला धुतात तसं मी ह्यांना धुतलं, कपडे बदलले, भरवलं, एक शब्द न बोलता. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. दीर आले की पलंगाच्या कडेला बसून आम्ही ठरवायचो. संस्थेत जागा कधी होईल, कपडे कुठले द्यायचे, अंगठा कुठल्या कागदावर लागेल. शेजारीण विचारायला आली तर मी ह्यांच्यासमोर उभी राहून तिला म्हणाले, “सुटले तर बरं होईल गं. त्यांचीही सुटका, माझीही.” असं एकदा नाही म्हणाले. बऱ्याचदा म्हणाले. पुढच्या महिन्याची तारीख ठरली.

काकांच्या आवारात काळू नावाचं म्हातारं कुत्रं होतं. रजिस्टरमध्ये त्याच्या नावासमोर ओळीनं लाल ठिपके होते, दरवेळी डावी वाटी. “हा नुसता डावखुरा आहे,” काका म्हणायचे. एक दिवस मी उरलेल्या पोळीचे तुकडे वर्तमानपत्रावर पसरून त्याच्यापुढं ठेवले. त्यानं डाव्या बाजूचे तुकडे खाल्ले आणि मान वर करून अजून मागत राहिलं. उजव्या बाजूचे तसेच. मला वाटलं, माजलाय. तेवढ्यात मांजर आलं आणि त्याच्या नाकाशेजारी बसून ते तुकडे खाऊ लागलं. काळूला पत्ता नाही. मी खाली बसून त्याचं तोंड धरलं. त्याचा उजवा डोळा पांढरा झाला होता, उकडलेल्या अंड्यासारखा. रोज बघत होते तो डोळा. मी कागद फिरवला. त्यानं उरलेलं सगळं खाल्लं.

मला ह्यांचं ताट आठवलं. ह्यांच्या ताटातली भाजी रोज संपायची आणि भात रोज उरायचा. भाजी मी डावीकडे वाढायची, भात उजवीकडे. मला वाटायचं भूक नाही.

काकांना न सांगता पिशवी उचलून मी घरी आले. ताट वाढलं, ह्यांच्या मांडीवर ठेवलं. हे डाव्या हातानं भाजी आणि पोळी खाऊन थांबले. मी ताट अर्धं फिरवलं. भात समोर येताच हे दचकले, जणू आत्ताच कोणी वाढला. आणि खायला लागले. सगळा भात खाल्ला. मग माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी काकांना सांगितलं. कसं सांगायचं ते कळत नव्हतं, म्हणून आधी काळूचं सांगितलं, मग ताटाचं. ते उठले, कपाटातून रजिस्टर काढलं, ह्यांचं पान उघडलं. दहा ओळी. बोटानं एकेक वाचत गेले. “डावी. डावी. डावी.” मग खाली बसले.

“माल मोजण्याआधी माप तपासायचं,” ते म्हणाले. “नवीन पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. पहिल्या दिवशी.”

गॅसवर दूध उतू गेलं तरी ते हलले नाहीत. मग एकदम उठून चपला घातल्या. रिक्षानं दिव्याला आले, चार मजले चढले, दारात धापा टाकत उभे राहिले. वाट्या पिशवीत होत्या. या वेळी त्यांनी फळी ह्यांच्या डाव्या अंगाला ओढली आणि वाट्या एकीपुढं एक ठेवल्या, एक जवळ, एक लांब.

“स्टीलच्या वाटीखाली आहे.”

हात सरळ स्टीलच्या वाटीवर गेला.

“पितळेच्या.”

पितळेच्या. घुटमळणं नाही. तेव्हा मला उमगलं, मागच्या वेळी हात थांबायचा तो का थांबायचा. काका पितळेची म्हणत होते आणि ह्यांना पितळेची कुठं दिसतच नव्हती.

“दहा,” काका म्हणाले. कोणालाच आनंद झाला नाही. मग त्यांनी खुर्ची डावीकडे घेतली. “हो म्हणायचं असेल तर हात उघडा. नाही म्हणायचं असेल तर मूठ. चालेल?”

हात उघडला.

“तुम्ही टेम्पो चालवायचात?” उघडा. “ट्रक?” मूठ. “मी मागे इथं आलो होतो, ते आठवतं?”

हात उघडला.

“मी जे बोललो ते कळलं होतं?”

उघडा.

काकांनी खुर्ची अजून जवळ घेतली. “तेव्हापासून रोज, सगळं, कळत होतं?”

मी शेगडीकडे तोंड करून उभी होते. वळले नाही. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, तेव्हा मला समजलं हात उघडा आहे.

“माझं चुकलं,” काका म्हणाले. “माफ कराल?”

मग मी वळले. ह्यांची मूठ होती. घट्ट.

काकांनी मान हलवली आणि वाट्या पिशवीत भरल्या.

त्या संध्याकाळी दीर आले. “दादा, खरंच कळतंय तुला?” हात उघडला. दीर बाहेर जिन्यात जाऊन बसले ते अर्ध्या तासानं आत आले, आणि खरोखर पाया पडले. संस्थेचं नाव परत निघालं नाही.

मला मात्र ह्यांनी काही केलं नाही. राग दाखवला नाही, रडले नाहीत. फक्त एक गोष्ट. चहा पिऊन झाला की कप पलंगावर ठेवायचे, औषधाची पट्टी पलंगावर ठेवायचे, मी हात पुढं केलेला असला तरी. माझ्या हातात काही द्यायचे नाहीत. काकांनी उत्तर मिळवायची रीत करून दिली होती. मी कधीही विचारू शकले असते, मला माफ केलंत का. हात उघडेल किंवा मूठ. मी विचारलं नाही. उत्तर येणार नव्हतं तेव्हा मी दिवसभर बोलायची, आणि आता उत्तर येणार म्हटल्यावर माझी जीभ उचलेना.

काका त्यानंतर बदलले. सातही रजिस्टरं काढून बसायचे. जिथं जिथं लाल ठिपका होता तिथं शेजारी ‘माप चुकीचं’ असं लिहायचे. काळूचं लिहिलं, तबेल्यातल्या म्हशींचं लिहिलं, मांजराचं लिहिलं. नवीन नोंद एकही केली नाही. पहिल्या मजल्यावरच्या ताईंनी मला जिन्यात गाठलं.

“काकांना बरं नाही का गं? मी म्हटलं मोती सगळं समजतो, तर म्हणाले, समजत असेल, मला माहीत नाही. भांडलेच नाहीत!”

एकदा मी कणीक मळत असताना ते दारात येऊन उभे राहिले. “तुमची म्हैस, बाई,” म्हणाले. “तिला माहीत होतं.” आणि परत गेले.

त्यांनी कुठून तरी माहिती काढली की ठाण्याच्या एका दवाखान्यात वाचा गेलेल्या माणसांना शिकवणाऱ्या बाई आहेत. तिथं न्यायला चाकांची खुर्ची हवी, रिक्षाचं भाडं हवं, फी हवी. काका पाकीट घेऊन आले. वीस हजार होते. ह्यांनी मूठ दाखवली.

“घ्या हो. मला कोण आहे खाणारं?”

मूठ.

काका विचार करून म्हणाले, “उसने?”

बऱ्याच वेळानं हात उघडला.

ठाण्याच्या बाईंनी चित्रांची पाटी दिली. बोटानं चित्र दाखवायचं. बोलणं काही आलं नाही, ‘दा’च्या पुढं अजून दोन-तीन आवाज आले तेवढेच. पण डाव्या हातानं करण्यासारखं काम मिळालं. दिव्यात घरोघर प्लॅस्टिकची झाकणं येतात, कडेचा जास्तीचा भाग कापून, खराब वेगळी करून द्यायची. कापायचं मी, निवडायचं ह्यांनी. त्यातून दर महिन्याला थोडे थोडे फेडायचे. ह्यांच्या उशीखाली डाव्या बाजूला पाकीट असायचं, माझा हात त्याला लागू द्यायचे नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी काका स्वतः चार मजले चढून यायचे. हे नोटा काढून काकांच्या गुडघ्याशी पलंगावर ठेवायचे. काका मोजून वहीत लिहायचे, नको म्हणायचे नाहीत. मग रजिस्टर उघडून वाचून दाखवायचे. “हा कावळा बघा. पाव पाण्यात बुडवून खातो. शिकला असेल की सुचलं असेल? सुचलं?” हात कधी उघडायचा, कधी मूठ, कधी हे नुसतेच विचार करत राहायचे आणि काका थांबायचे. मी झाकणं कापत ऐकायची. त्या दोघांत मैत्री होती असं मी म्हणणार नाही. मूठ उघडली का, हे काकांनी परत कधी विचारलं नाही.

काका गेल्या वर्षी गेले, झोपेत. ताईंचा फोन आला. त्यांच्या पुतण्यानं घर रिकामं करताना रजिस्टरं रद्दीत घातली, त्यातलं एक कोरं राहिलेलं मी मागून आणलं. त्यातच हे लिहितेय.

ते जायच्या तीन महिने आधीचा रविवार लिहायचा राहिला. उन्हाळा होता, पाणी नव्हतं, काकांना मी अर्धाच ग्लास देऊ शकले. त्यांची तब्येत उतरली होती, कठड्याला धरून चढले असतील. बसले, वही काढली. मी खाली बसून झाकणं कापत होते. ह्यांनी उशीखालून पाकीट काढलं. आठशे रुपये राहिले होते, शेवटचे. नोटा काढल्या आणि काकांच्या गुडघ्याकडे न ठेवता हात तसाच धरून राहिले. काकांना वाटलं आपण घ्यायचे, त्यांनी हात पुढं केला. ह्यांनी मान हलवली. माझ्याकडे बघितलं.

मी कात्री ठेवली. उठले. हाताला प्लॅस्टिकचा चुरा लागलेला, तो पदराला पुसला. ह्यांनी नोटा माझ्या तळहातावर ठेवल्या आणि वरून स्वतःच्या बोटांनी माझी बोटं मिटवली. जरा वेळ तशीच धरून ठेवली.

मग मी त्या काकांना दिल्या. काकांनी दोनदा मोजल्या, वही ह्यांच्या डाव्या बाजूला धरली, लिहिलं.

“आठशे मिळाले,” ते म्हणाले. “वीस हजार पूर्ण.”